पुस्तक दिलं, चावी ठेवली

मिशनरी म्हटलं की आपल्याकडं दोनच आवाज निघतात. एक म्हणतो, गोऱ्यानं बाटवलं. दुसरा म्हणतो, गोऱ्यानं माणूस केलं. मला एवढंच विचारायचंय, त्यानं आपल्या माणसाच्या हातात काय दिलं आणि स्वतःच्या हातात काय ठेवलं?

नगरचंच बघा. अमेरिकन मराठी मिशन तिथं १८३१ साली आलं. पुढं महारवाड्यांत शाळा निघाल्या आणि त्यात आपलेच मास्तर उभे राहिले. आठवडाभर पाटीवर अक्षर, रविवारी प्रार्थना. ज्याच्या सावलीचा विटाळ, तो पुस्तक उघडून चार माणसांत बोलू लागला. बायासुद्धा उपदेशाला घरोघर हिंडल्या. हे काम मोठंच, नाकारायचं कशाला?

पण पाळकाची खुर्ची? १८५४ साली नगरला दोन देशी पाळक नेमले. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक. दोघंही ब्राह्मणाघरचे. त्यांच्या निष्ठेवर माझा शक नाय. पण खेड्यांतून येणारी गर्दी महारांची आणि पहिला मान पंतांचा, हे कसं?

त्याच सुमाराला अमेरिकेतल्या बोर्डाचा सेक्रेटरी रूफस अँडरसन इकडं आला. त्याचं सांगणं असं, की स्थानिक मंडळीनं आपला कारभार, आपला खर्च, आपला प्रसार आपणच करावा. बोलणं लाखाचं. पण पगार मिशनचाच राहिला. आमच्या सूतगिरणीत जॉबर आपल्यातलाच असतो, मजुरी मात्र ऑफिसात ठरते. तसलंच हे. ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, तेव्हा कुठं त्यांचा 'देवाचा दरबार' उभा राहिला.

बाबासाहेबांनी हे सगळं पारखलं होतं. भिक्खू शिकलेला हवा, सेवा करणारा हवा, ख्रिस्ती धर्मगुरूंकडून काही घ्यावं, असं त्यांनी १९५० साली लिहिलं. आणि १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जाहीर केलं, की दीक्षा द्यायचा अधिकार प्रत्येक बौद्धाला आहे. मिशनरी पिढ्यान्‌पिढ्या कमरेला बांधून हिंडला ती चावी बाबासाहेबांनी दीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी लाखोंना वाटली.

आणि आपण? वक्ता शहरातून येतो, टाळ्या घेतो, रातच्या गाडीनं जातो. वस्तीतल्या पोरीला माईक कोण देतं? अर्ज लिहायला, हिशेब ठेवायला, वंदना सांगायला कोण शिकवतं?

मित्रांनो, पुढच्या सभेच्या पत्रकावर वक्त्याचं नाव छापायच्या आधी वस्तीतलं एक नाव ठरवा. आणि वर्गणीची वही तिच्याकडं द्या.