एका कान्याचा फरक

'काल आमचं संभाषण झालं,' असं कुणी घरी येऊन सांगितलं, तर आई आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. संभाषण पेपरात होतं, दोन मंत्र्यांचं, तेही दूरध्वनीवरून. संवाद म्हणजे शाळेत पाच मार्कांचा प्रश्न. आपण आपल्या गप्पा मारतो.

मारतोच. हाणतो, ठोकतो, झोडतो, छाटतो. चकाट्या तर पिटतोच. इतकी मारहाण आणि जखमी कुणी नाही. हा आपल्याच मातीतला रांगडेपणा, असं मी बरीच वर्षं समजत होतो. मग कळलं की 'गप' मूळचा फारसी, आणि फारसीतही 'गप ज़दन' असंच म्हणतात. ज़दन म्हणजे मारणं! काबूलमध्ये आजही साध्या बोलण्याला हाच रोजचा शब्द आहे. पाहुणा येताना आपली काठी सोबत घेऊनच आला म्हणायचा. आपण त्याला अनेकवचनात बसवलं, हे मात्र फार शहाणपणाचं केलं. गप्प एकट्यालाही बसता येतं. पुढे काना लागला की दुसरं माणूस लागतं.

खरा मार असतो तो साध्या 'बोलण्या'त. 'साहेब मला बोलले' याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. बोलणी खावी लागतात. बोलाचाली झाली की चार दिवस अबोला. आणि लग्नाची बोलणी? तिथे तर माणसं शब्द तोलून, तोंड आवळून बसलेली असतात.

तळकोकणात याच गप्पांच्या गजाली होतात. मालवणची माझी आत्या पूर्वी ओसरीवरून हाक मारायची, "ये रे झिला, वायच गजाली मारूया." आता ते फोनवर. जेवलंस? जेवलो. पावस आसा? आहे. मग दोन्हीकडे शांतता, आणि तिचं ठरलेलं, "बाकी काय?" सगळी जमाखर्चाची वही संपल्यावर उरते ती बाकी, आमच्या गजाली तिथूनच सुरू होतात. "ठेवतंय हां," ती मधेच म्हणते. रिसीव्हर जाऊन किती वर्षं झाली, ठेवणं राहिलंच आहे. आणि ठेवत कुणीच नाही.

परवा फोन संपला तेव्हा पडद्यावर ४१ मिनिटं दिसत होती. बायकोनं विचारलं, "काय म्हणत होत्या आत्या?"

मी म्हणालो, "काही नाही."