डोंग्यावरचं डिझेल, पुरातलं पेट्रोल

"मुतून राह्यला का नाही, तेवढं पाहात राहा भाऊ. बाकी मी पाह्यतो."

बोट चालवणाऱ्या पोरानं मला दिलेली ही पहिली सूचना. दिवस ३० ऑगस्ट २०२०, जागा ब्रह्मपुरी तालुक्यात वैनगंगेचा काठ. काठ म्हणजे, डांबरी रस्ता जिथं पाण्यात शिरून दिसेनासा झाला होता तिथला शेवटचा कोरडा तुकडा. वर मध्य प्रदेशात पाऊस कोसळलेला, गोसीखुर्द धरणाचे ३३ही दरवाजे उघडलेले, आणि लाडजसारखी नदीकाठची गावं पाण्यानं वेढलेली. रबरी बोटी येत होत्या, माणसं उतरवत होत्या, परत जात होत्या. त्यातल्या एका बोटीचं इंजिन तापून बंद पडत होतं. ओळखीच्या एकानं फोन केला आणि मी मोटारसायकलवर पान्यांची पिशवी टाकून सिंदेवाहीहून निघालो. तोंडावर मास्क, वरून पाऊस. ओल्या मास्कातून श्वास घेणं काय असतं ते त्या दिवशी कळलं.

आता खरं सांगायचं तर मी त्या इंजिनाचा मेकॅनिक नव्हेच. माझं दुकान डिझेल इंजिनांचं. आमचा मुलूख धानाचा. गावात भात संशोधन केंद्रच आहे. धान निसवायला लागलं आणि पावसानं दडी मारली, की बोडीतलं, म्हणजे छोट्या तळ्यातलं, पाणी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चढवायला इंजिन लागतं. लाइटचा भरवसा नाही म्हणून अजूनही कित्येकांच्या गोठ्यात पाच हॉर्सपॉवरचं उभं इंजिन गोणपाटाखाली झाकलेलं सापडेल. हँडल लावायचं, डीकम्प्रेशनची कळ वर करायची, फ्लायव्हील फिरवून वेग आला की कळ सोडायची. फट्, फट्, आणि मग सुरू. ना प्लग, ना करंट. सिलिंडरमधली हवा सोळा-सतराव्या हिश्श्याइतकी दाबली की ती स्वतःच एवढी तापते की नोजलमधून आलेलं डिझेल आपोआप पेटतं. वर्षभर पडून राहिलेलं इंजिन टाकी साफ करून, पाइपमधली हवा काढून मी दहा मिनिटांत चालू करून दिलेलं आहे. तासाला लिटरभर डिझेल पितं, दिवसभर कुरकुर करत नाही. त्यामुळे पेट्रोल म्हणजे स्कूटरचं खाणं, कामाच्या यंत्रानं ते खाऊ नये, असं माझं ठाम मत होतं. पंचवीस वर्षं हात काळे करून बनलेलं मत, सहजासहजी कोण सोडतो?

याच मतापायी मी एकदा तोंडघशी पडलोही होतो. एका घाटावरच्या मासेमारी करणाऱ्या काकांना मी हट्टानं पटवलं, की वल्हं मारून दंड कशाला दुखवता, नावेवर डिझेल बसवून देतो. बांबूला बांधून चार जणांनी ते इंजिन घाटावर उतरवलं. शंभर किलोच्या वरचं ते धूड नावेत ठेवलं तेव्हाच मागची बाजू वीतभर खाली गेली. शाफ्ट लावला, पंखा लावला, हँडल मारलं. नाव चालली! काठावरची पोरं टाळ्या वाजवत धावायला लागली, आणि दुःखाची गोष्ट अशी की ती पोरं आमच्या पुढे गेली. मी गव्हर्नर ताणला. आवाज वाढला, धूर वाढला, नावेपुढची लाट मोठी झाली, वेग होता तेवढाच. वर धक्क्यांनी फळ्यांचे सांधे हलले आणि पायाशी पाणी आलं. काका इतकंच म्हणाले, "बाबू, थे इंजिन तुयं बांधीतच बरं."

त्या वेळी मला वाटलं, पंख्याचं माप चुकलं. ते चुकलंही असेल. पण मुख्य गोष्ट मला फार उशिरा कळली. पाणी कापत चालणारी नाव स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते. वीस फुटी नावेला ताशी दहा-अकरा किलोमीटरपुढे रेटायचं म्हणजे तिला त्या लाटेवर चढवायला हवं. त्यासाठी तळ सपाट हवा, ताकद भरपूर हवी आणि वजन कमी. माझ्याकडे तिन्ही उलटं होतं.

तर पुराच्या त्या दिवशी मी पहिल्यांदा चाळीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन हाताळलं. टू-स्ट्रोक, पेट्रोलचं. दोन पोरांनी ते बोटीच्या मागच्या फळीवरून काढून माझ्यासमोर आणलं तेव्हा मी आधी वजनच विचारलं. सत्तर-पंच्याहत्तर किलो. मनात हिशेब झाला: हॉर्सपॉवरमागे दोन किलोसुद्धा नाही. माझ्या शेतातल्या इंजिनाला हॉर्सपॉवरमागे वीस किलोच्या वर लोखंड लागतं. डिझेलचा दाब सोसायचा तर भिंती जाड हव्यात, क्रँक जड हवा, फ्लायव्हील जड हवं. त्याला इलाज नाही. पेट्रोलवाल्याला तो दाब नको, म्हणून तो ॲल्युमिनियमच्या अंगानं आणि मिनिटाला पाच हजार फेऱ्यांनी पळतो. आमचं इंजिन पंधराशे फेऱ्यांवर समाधानी.

बिघाड मात्र माझ्या ओळखीचा निघाला. हे इंजिन खालच्या जाळीतून नदीचंच पाणी ओढतं, ते अंगभर फिरवतं आणि मागच्या बारीक भोकातून धार सोडतं. ती धार म्हणजे त्या पोराचं 'मुतणं'. धार थांबली की इंजिन तापलंच समजा. जाळीत तणस आणि गाळ गच्च बसला होता. आतलं पाणी ओढणारं रबरी इम्पेलर काढलं, तर त्याच्या सहा पाकळ्यांपैकी दोन मुळापासून तुटलेल्या, उरलेल्या गाळानं घासून गुळगुळीत. त्यांच्या पेटीत एकच जादा इम्पेलर होतं. ते बसवलं, तारेनं पाण्याची वाट मोकळी केली, आणि शाबासकी मिळायच्या आतच मी माती खाल्ली.

टाकी रिकामी होती. मी कॅन उचललं आणि पेट्रोल ओतायला लागलो. पोरानं माझं मनगटच धरलं. "ऑइल टाकलं का त्यात?" मी बघतच राहिलो. असल्या टू-स्ट्रोकला ऑइलचा वेगळा साठा नसतो, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच त्याची हाडं ओली ठेवतं. पन्नासाला एक, म्हणजे पंचवीस लिटरच्या टाकीत अर्धा लिटर. आमच्या पोरवयातल्या स्कूटरला हेच करायचो की! पण डिझेलच्या सवयीत विसरलो. ती टाकी तशीच लावली असती तर पिस्टन काही मिनिटांत सिलिंडरला धरून बसला असता, भर पुरात, माणसं बसलेली असताना. हा किस्सा मी दुकानात कुणाला सांगितलेला नाही. इथं लिहून टाकतो.

इंजिन पाहायचं म्हणून पहिल्या फेरीला मला सोबत घेतलं. दोरी ओढली, निळा धूर निघाला, पाण्यावर तेलाचे इंद्रधनुषी तवंग पसरले. टू-स्ट्रोकचं थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, त्यामुळे ताशी पंधरा-वीस लिटर सहज जातं. माझा जीव कळवळला. आणि मग पोरानं मूठ पिळली. बोटीचं नाक आधी आभाळाकडे गेलं, क्षणभर काहीच दिसेना, आणि एकदम ती लाटेवर चढून आडवी झाली. पाणी बाजूला सारणं संपलं, आता ती पाण्यावरून घसरत होती. काकांच्या नावेत मी जी लाट ओलांडू शकलो नव्हतो, ती अशी दोन-तीन सेकंदांत मागे पडली. बुडालेल्या धानावरून आम्ही चाललो होतो. मी मात्र मान मागे वळवून धारेकडे बघत होतो. चालू होती.

म्हणजे पेट्रोल जिंकलं? मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या, त्यातल्या अठ्ठावीस फुटी बोटींनाही अडीचशे हॉर्सपॉवरची पेट्रोल आउटबोर्डच होती. पण तटरक्षक दलाच्या, एल अँड टीनं बांधलेल्या इंटरसेप्टर बोटी पाहा. डिझेलच्या जोड इंजिनांवर, पंख्याऐवजी पाण्याचा झोत मागे फेकत त्या पंचेचाळीस नॉट, म्हणजे ताशी त्र्याऐंशी किलोमीटर पळतात. टर्बोनं हवा कोंबली की डिझेलही पळतं. फक्त बोट तेवढी मोठी हवी, की इंजिनाचं वजन तिला जाणवू नये. कोकणात एका ट्रॉलरवाल्यानं मला अजून सरळ सांगितलं. त्याच्या ट्रॉलरला ट्रकच्याच जातीचं सहा सिलिंडरचं डिझेल. पेट्रोल का नाही, तर पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या पोटात साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. "समुद्रात आग लागल्यावर पळायचं कुठं?" असं त्यानं मला उलट विचारलं.

आमच्या नदीपुरतं माझं मत आता बदललं आहे. पुराच्या बोटीला हलकं पेट्रोलच हवं. दोघांनी उचलून चिखलातून नेता येईल असं डिझेल माझ्या पाहण्यात नाही. पण डिझेलचा एक गुण तिथं फार आठवतो: वाट पाहण्याचा. पुरानंतर दोन वर्षांनी मला असंच एक आउटबोर्ड दाखवायला नेलं. कुणाचं ते सांगत नाही. शेडमध्ये उभं, वर ताडपत्री, रंग नवाकोरा. दोरी ओढून ओढून खांदा गेला. कार्ब्युरेटर उघडला तर आतल्या पेट्रोलचं वाळून पिवळं रोगण झालेलं, जेट पूर्ण बुजलेला, इम्पेलरच्या पाकळ्या एकाच बाजूला वाकून कडक झालेल्या. एकही तास न वापरता मेलेलं इंजिन.

म्हणून ज्यांच्या ताब्यात अशी बोट आहे, त्यांना एवढंच सांगणं. ठेवताना पेट्रोलची नळी काढा आणि कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू द्या, पण खालची बाजू पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून. जादा इम्पेलर पेटीत ठेवा, एक नाही, दोन. आणि मे महिन्यात, आभाळ स्वच्छ असताना, बोट एकदा तलावात उतरवून दोरी ओढा आणि मागची धार बघा. धार आली नाही तर सिंदेवाहीत निरोप द्या. जूनच्या आत असेल तर मी येतो.