गाडीची वही

गेल्या रविवारीं सकाळीं कपाटाच्या वरच्या कप्प्यांतून मीं एक जाड पुठ्ठ्याची वही काढली, आणि तिच्यांतलें एक कोरें पान पुढें घेऊन बराच वेळ नुसता बसून राहिलों. दहा वाजतां एक तरुण जोडपें आमची मोटार पाहावयास यावयाचें होतें. गाडी धुऊन पुसून दारांत उभी होती. कागदपत्रें टेबलावर मांडलेलीं होतीं. राहिलें होतें तें एवढें एक पान.

ही वही मूळची माझी नव्हे. ती गाडीबरोबर आली. आणि खरें सांगावयाचें तर गाडी मीं वहीमुळेंच घेतली.

२०१९ च्या हिवाळ्यांतली गोष्ट. आमच्या सासूबाई वाईला एकट्या राहात. वय ऐंशीच्या पुढें गेलेलें; पण पुण्यास चला म्हटलें कीं, "कृष्णाबाईला सोडून कुठें येऊं?" हें उत्तर ठरलेलें. दर पंधरवड्याला तिकडे जाणें भाग झालें, आणि सौभाग्यवतींच्या गुडघ्यांना तर एस. टी. ची पायरी चढवेना. मी आयुष्यभर शाळेंत भूमिति शिकविणारा माणूस. अडीच लाखांपलीकडे जाण्याची माझी ऐपत नव्हती. तेव्हां नव्या गाडीचा विचार मनांतून काढून टाकला, आणि आमच्या गल्लीच्या टोंकाला ज्यांचें गॅरेज आहे त्या मेस्त्रींना बरोबर घेऊन जुन्या गाड्या पाहूं लागलों.

पहिली गाडी पाहिली ती एका दलालाच्या अंगणांत. काय तिचें रूप! रंग आरशासारखा, आंत अत्तराचा दरवळ, पायांखालीं नवा कोरा गालिचा. मी तर मनानें तिच्यांत बसून वाईला पोंचलोंही. मेस्त्रींनीं इंजिनाकडे पाहिलेंच नाहीं. त्यांनीं पुढच्या आसनाचा पट्टा धरला आणि तो अगदीं शेवटपर्यंत ओढून काढला. शेवटचा वीतभर भाग मातकट होता. मग त्यांनीं गालिचाचा कोपरा उचलला. आसन ज्यांवरून मागेंपुढें सरकतें त्या लोखंडी पट्ट्यांवर तांबूस गंज चढला होता. ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सर, ही पाण्यांत बुडालेली आहे." गाडीचा क्रमांक सांगलीकडचा होता, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत कृष्णेचा पूर सांगली शहरांत शिरला होता, हें मला तेव्हां आठवलें. पूर ओसरतो, पण विजेच्या तारांच्या सांध्यांत शिरलेली ओल पुढें केव्हां डाव साधील याचा नेम नसतो. दलाल मात्र "एकाच हाताची, डॉक्टरांची गाडी" हा मंत्र शेवटपर्यंत म्हणत होता.

जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. त्याचें म्हणणें असें कीं, गाडीचें गुह्य विकणाऱ्याला ठाऊक असतें, घेणाऱ्याला नसतें. म्हणून घेणारा भीतीनें सगळ्याच गाड्यांना मधली किंमत देऊं करतो. त्या किमतींत चांगली गाडी विकणें तिच्या धन्याला परवडत नाहीं; तो ती घरींच ठेवतो, आणि बाजारांत वाईट तेवढ्या उरतात. या विचाराबद्दल त्याला २००१ सालीं, आणखी दोघांबरोबर, अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. असल्या फसव्या गाडीला अमेरिकेंत लिंबू म्हणतात. आपल्याकडे लिंबू गाडीच्या पुढें बांधतात. तें आंतच निघण्याची धास्ती कोणी सांगत नाहीं!

पुढच्या दीड महिन्यांत आम्ही आणखी पांच गाड्या पाहिल्या, आणि मेस्त्रींनीं मला म्हातारपणीं एक नवा विषय शिकविला. गाडी पाहावयास सकाळीं लवकर जावें, आणि आधीं इंजिनाच्या झांकणावर हात ठेवावा. तें कोमट लागलें तर थंडपणीं ती सुरू होण्यास कुरकुरते, हें धन्यानें लपविलें असण्याचा संभव. धूर निळसर तर इंजिन तेल खातें. पांढरा धूर येतच राहिला तर पाणी आंत जातें. टायरच्या कडेवर चार आंकड्यांत त्याची जन्मतिथि असते. २४१४ म्हणजे २०१४ सालचा चोविसावा आठवडा. दारांच्या बोल्टांवरचा रंग खरवडलेला असेल तर दार कधींतरी काढलें आहे असें समजावें. मीटर थोडें चालल्याचें सांगत असेल आणि पायाखालचें रबर गुळगुळीत झालें असेल, तर रबरावर विश्वास ठेवावा.

सातवी गाडी एका निवृत्त पोस्टमास्तरांची होती. तिचें कूळ मी सांगत नाहीं. घरच्या माणसाचें नांव चारचौघांत घेऊं नये. २०१२ सालची, चौपन्न हजार किलोमीटर चाललेली, रंग विटलेला, मागच्या बाजूला पोचा. काचबिंदूनें दृष्टि अधू झाली म्हणून ते ती विकत होते. आम्ही कांहीं विचारण्याच्या आधींच ते म्हणाले, "दुसरा गिअर सकाळीं पहिल्यांदा जरा अडतो. पावसांत डावीकडच्या मागच्या दारांतून पाणी झिरपतें. तें दारही मूळचें नाहीं बरें का! २०१६ सालीं टेम्पोनें ठोकल्यावर बदललें." आणि त्यांनीं ही वही पुढें ठेवली. तारीख, किलोमीटर, काम, खर्च. तेल बदललें तें होतें, चाकांत हवा भरली तीही होती. मेस्त्रींनीं वही दहा मिनिटें वाचली, गाडी तासभर तपासली, आणि मला म्हणाले, "वहींत नाहीं असें गाडींत कांहीं नाहीं."

दोन लाख दहा हजार त्यांनीं सांगितले. मीं घासाघीस केली नाहीं. उरलेल्या चाळीस हजारांना हात लावूं नका, असें मेस्त्रींनीं बजावलें होतें. जुन्या गाडीवर सारी पुंजी ओतून मोकळें होणारा पहिल्याच वर्षीं अडतो. त्या पैशांत टायर, बॅटरी, पट्टे आणि सगळीं तेलें नवीं झालीं. नांवावर करण्याचे २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने भरले, विमा बदलला. विम्यांत अपघाताची भरपाई न मागणाऱ्यास सवलत मिळते. ती गाडीबरोबर येत नाहीं, जुन्या धन्याकडेच राहते, असें तेव्हां कळलें. मला तो नियम फार आवडला. सद्वर्तन माणसाच्या नांवावर लिहावें, यंत्राच्या नव्हे. निघतांना पोस्टमास्तर एवढेंच म्हणाले, "वही चालूं ठेवा."

तीन वर्षें मीं ती चालूं ठेवली. जुनी गाडी सांभाळण्यांत विद्या थोडी आणि नियमितपणा फार. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जें आधीं येईल तेव्हां इंजिनाचें तेल. पंधरवड्याला हवा, आणि ती जादा चाकांतही. पावसाळ्यापूर्वीं पाणी वाहून जाण्याचीं भोंकें साफ करणें. भूमितीच्या मास्तराला हें कठीण नव्हतें.

२०२३ च्या एप्रिलांत गाडीखालीं रोज सकाळीं चारदोन थेंब दिसूं लागले. थंड हवेच्या यंत्राचें पाणी असेल, अशी मीं मनाची समजूत घातली. त्या पाण्याला रंग नसतो, आणि हे थेंब हिरवट व बोटाला चिकट होते, हें मला दिसत नव्हतें असें नाहीं. पण मेस्त्रींकडे जाण्याचा कंटाळा आला. दोनदां टांकींत नळाचें पाणी ओतलें आणि वहींत लिहिलें नाहीं. माझी पहिली लबाडी ती.

मे महिन्यांत एका दुपारीं वाईहून शेजाऱ्यांचा फोन आला. सासूबाईंना घेरी येऊन दवाखान्यांत नेलें होतें. आम्ही तसेच निघालों. खंबाटकीच्या घाटांत, भर उन्हांत, तापमान दाखविणारा कांटा वर चढूं लागला. चार वळणें तर राहिलीं, निघून जाऊं, असें म्हणून मीं गाडी थांबविली नाहीं. पुढच्याच वळणावर वाफेचा लोट उठला आणि इंजिन बंद पडलें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये, एवढें शहाणपण तेवढें शिल्लक होतें. सौभाग्यवती हातांत फोन घेऊन रस्त्याच्या कठड्यावर बसल्या. आई आहे कीं नाहीं हेंही त्यांना कळेना. फोन लागत नव्हता. एका भल्या जीपवाल्यानें आम्हांला घेईपर्यंत अडीच तास गेले. त्या अडीच तासांत त्या मला एक शब्दही बोलल्या नाहींत. आणि पुढेंही कधीं बोलल्या नाहींत.

सासूबाई त्या वेळीं सुखरूप राहिल्या. गाडीच्या इंजिनाचें हेड मात्र उष्णतेनें वांकलें होतें, त्याखालचें गॅस्केट फुटून पाणी तेलांत मिसळलें होतें. तेलाच्या झांकणाखालीं दुधाळ चहासारखा फेंस जमला होता. अठरा हजार खर्च आला. पावती मीं खणांत टाकली, आणि वहींत एक पान सोडलें. सवडीनें लिहूं म्हटलें. पुढच्या पानापासून नोंदी पुन्हां नीट सुरू झाल्या.

गेल्या श्रावणांत सासूबाई गेल्या. आतां वाईला जाणें उरलें नाहीं, आणि गाडी दारांत उभी राहून उगाच म्हातारी होते. म्हणून ती विकावयाची.

तें कोरें पान समोर घेऊन मी मनाशीं वाद घालीत होतों. दुरुस्तीनंतर गाडी नऊ हजार किलोमीटर बिनतक्रार चालली आहे. मग जुनें कशाला उकरावें? पान सफाईनें काढून टाकलें तर कोणाला कळणार? किंवा "इंजिनाचें काम केलें आहे" एवढेंच लिहावें. तें खोटें नाहीं, उलट गुणासारखें दिसतें. हें वाक्य मनांत तयार झालें, आणि तो अंगणांतला दलाल माझ्याच आवाजांत बोलतो आहे असें मला वाटलें.

इतक्यांत सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. त्यांनीं पान पाहिलें.

"अहो, त्यांना लहान मूल आहे म्हणत होतात ना?" एवढें विचारून त्या आंत गेल्या.

मीं लिहूं लागलों. तारीख, किलोमीटर, थेंब, नळाचें पाणी, चार वळणें, सारें. खणांतली पावती शोधून चिकटविली.

जोडपें आलें. तरुणानें वही चाळतांना नेमकें तेंच पान उघडलें, दोनदां वाचलें आणि विचारलें, "त्यानंतर कधीं तापली?" मीं म्हटलें, "नाहीं. पण तुम्ही आपला मेस्त्री आणून तपासून घ्या." त्यानें मेस्त्री आणला, आणि दुसऱ्या दिवशीं ठरल्या किमतींतून दहा हजार कमी केले. त्यांचें मला कांहींच वाटलें नाहीं असें लिहिलें, तर ती आणखी एक लबाडी होईल. नोंदणी २०२७ पर्यंत आहे, पुढें तपासणी करून ती पांच वर्षांसाठीं वाढवून मिळते, हेंही मीं त्यांना सांगितलें.

निघतांना वही मीं त्या मुलीच्या हातांत दिली. तिनें पहिलीं पानें उघडून विचारलें, "हें अक्षर तुमचें नाहीं, काका?" मीं पोस्टमास्तरांची गोष्ट सांगितली. ती ऐकतां ऐकतां तिनें वही मागच्या बाजूनें उघडली, आणि कोरीं पानें किती उरलीं आहेत तीं मोजूं लागली.