फायनल मिक्स, व्हाया वेल्स

‘अरे, मिक्स लॉक कर ना यार!’ पुण्यात पहाटेचे चार वाजलेले आणि आमचा ड्रमर फोनवर अक्षरशः विनवण्या करत होता. पुढच्या महिन्यात तो कॅनडाला चाललाय, कायमचा. त्याआधी बॅण्डचं एकुलतं एक गाणं पूर्ण व्हावं, एवढंच त्याचं म्हणणं. आणि ते गाणं तीन वर्षं अडकलंय माझ्या लॅपटॉपमध्ये. ६४ ट्रॅक्स. फाइल्सची नावं? फायनल, फायनल-टू, एकदम फायनल!

सध्या मी ऑफिसच्या कामानं ब्रिस्टलला आहे. शनिवारी लॅपटॉप बंद केला, सॅक उचलली आणि सुटलो. न्यूपोर्टपर्यंत ट्रेन, तिथून मॉनमथची बस आणि मग दोनेक मैल तंगडतोड. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना झुडपांचं उंच कुंपण, पलीकडे मेंढ्या. ‘चुकलो बहुतेक’ असं वाटेपर्यंत रॉकफिल्ड आलंच.

हा स्टुडिओ म्हणजे मुळात डेअरी फार्म. किंग्जली आणि चार्ल्स वॉर्ड या भावांनी साठच्या दशकात तिथे रेकॉर्डिंग सुरू केलं. बॅण्डनं इथेच राहायचं, जेवायचं आणि वाजवायचं, असा फंडा. ओअॅसिसचा १९९५ चा ‘मॉर्निंग ग्लोरी’ इथलाच. पण मी आलो होतो ऑगस्ट १९७५ साठी. क्वीननं ‘बोहेमियन रॅप्सडी’ला सुरुवात केली ती इथे.

आणि फ्रेडी मर्क्युरी म्हणजे आपल्या पाचगणीचाच की! स्ट्रॉबेरी क्रीम आणि टेबल लॅण्डच्या नादात आपल्याला आठवत नाही, पण झांझिबारमध्ये जन्मलेला हा फारुख बलसारा तिथल्या सेंट पीटर्समध्ये शिकला. शाळेच्या ‘द हेक्टिक्स’ बॅण्डमध्ये पियानो वाजवायचा.

त्या गाण्याची गंमत ऐका. आधी पियानो, बास आणि ड्रम्स रेकॉर्ड झाले. मधल्या ऑपेरासाठी टेपवर थोडी जागा कोरी सोडली होती. फ्रेडीला सुचत गेलं तशी ती वाढत गेली. फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे तिघंच तासन् तास गात होते. आवाजांचे थर चढले सुमारे १८०! पण टेपवर ट्रॅक होते फक्त २४. मग पाच-सहा आवाज एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायचे, जागा रिकामी करायची, पुन्हा गायचं. एकदा एकत्र केलेले आवाज पुन्हा सुटे करता येत नव्हते. अन्डू वगैरे लाड नाहीत. टेप फिरून फिरून इतकी झिजली की आरपार उजेड दिसायला लागला म्हणे. पुढचं काम लंडनच्या स्टुडिओंमध्ये झालं, निर्माता रॉय थॉमस बेकरच्या देखरेखीखाली मिक्स झालं आणि ३१ ऑक्टोबरला जवळपास सहा मिनिटांचं हे सिंगल बाजारात! ब्रिटनमध्ये नऊ आठवडे नंबर वन.

अंगणात उभा राहून मी त्या दगडी भिंतींकडे बघत होतो आणि डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. त्या लोकांना दर थोड्या वेळानं ‘हेच ठेवायचं’ असं ठरवावंच लागत होतं. मला कधीच ठरवावं लागलं नाही. मी परफेक्शनिस्ट आहे असं तीन वर्षं सगळ्यांना सांगत होतो. खरं तर घाबरत होतो. गाणं पूर्ण झालं की बॅण्ड संपणार, हे मला माहीत होतं.

परतीच्या बसमध्ये हेडफोन लावून जुनी मिक्सेस ऐकली. चौथं बरं होतं. शेवटच्या कडव्यात माझा आवाज किंचित हललाय, मागे ड्रमर हसल्याचंही ऐकू येतंय. सोमवारपर्यंत थांबलो असतो तर ते हसणं नक्की पुसलं असतं.

बसमधूनच मेसेज टाकला, ‘चौथं. लॉक.’

मिनिटभरात उत्तर आलं, ‘माझं हसणं ठेवलंस ना?’

ठेवलंय रे.