मॅटाडोर

अण्णांची मॅटाडोर ११ वर्षं गोठ्यामागे उभी. बजाज टेम्पोची, आकुर्डीत बनलेली डिझेल पिकअप. माझं शिक्षण याच गाडीतल्या टोमॅटोंवर झालं. काकांनी भंगारवाल्याला रविवार दिलाय.

कोडमध्ये बग शोधायला लॉग असतात. इथे वास घ्यायचा. टाकीतलं डिझेल पार सडलेलं. ते काढलं, टाकी धुतली, फिल्टर बदलले. सेल्फ मारायच्या आधी इंजिन पान्याने हळूहळू फिरवून पाहिलं, कारण रिंगा गंजून चिकटल्या असतील तर एकदम जोर लावला की तुटतात. फिरलं! मग हातपंपाने लाइनमधली हवा काढली. (ब्रेक सगळे जाम आहेत, ते नंतर.)

शनिवारी सेल्फ मारला. नुसता पांढरा धूर. लकव्यानंतर फारसं न बोलणारे अण्णा खाटेवरून म्हणाले, "हीटर अजून जरा धर."