मेयोची एटीकेटी

सुरुवातीलाच दोन सूचना. पहिली, मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे माझं मराठी म्हणजे आईचं, मेसच्या मावशींचं आणि एसटीत शेजारी बसलेल्या काकूंचं मराठी. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघून घेतलं असेलच. दुसरी, हा लेख फुटबॉलवर आहे, पण रात्री दोन वाजता कॉमन रूममध्ये ज्याच्यावरून खुर्च्या तुटतात त्या फुटबॉलवर नाही. हा आयर्लंडचा गेलिक फुटबॉल. आमच्या हॉस्टेलमध्ये हे नाव माहीत असलेली मी एकटीच. गेल्या वर्षी रूममेटला समजावून सांगायला गेले तर ती म्हणाली, "म्हणजे रग्बी ना?" तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा नीट लिहून काढावं.

खेळ थोडक्यात असा. एका बाजूला १५ जण. बॉल हातात घेता येतो, पण घेऊन पळत सुटता येत नाही. चार पावलांनंतर तो आपटावा लागतो नाहीतर पायावर मारून परत हातात घ्यावा लागतो. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखी. बार-खालून जाळ्यात मारला तर गोल, म्हणजे ३ पॉइंट. बारवरून गेला तर १. (२०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर २.) स्कोअर ३-१६ असा लिहितात. म्हणजे ३ गोल आणि १६ पॉइंट, एकूण २५. इंजिनिअरिंगवाल्यांना एवढं गणित जमेल.

खरी गंमत पुढे आहे. हा खेळ चालवणारी संस्था जीएए. १८८४ साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात तिची स्थापना झाली. आजही तिच्या खेळाडूंना पगार नाही. क्रोक पार्कवर ८२ हजार लोकांसमोर खेळणारा पोरगा सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला जातो, नाहीतर गाईंचं दूध काढायला. लिलाव नाही, आयपीएल नाही. सहसा ज्या काउंटीत जन्मलात त्याच काउंटीकडून खेळायचं. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. २०२२ च्या जनगणनेप्रमाणे डब्लिन काउंटीत साडेचौदा लाखांच्या आसपास माणसं आणि लीट्रिम काउंटीत ३५ हजार. दोघांनी एकाच कपासाठी खेळायचं. आता अशा स्पर्धेचं टाइमटेबल लावा म्हटलं तर भांडणं होणार नाहीत तर काय!

मला हे सगळं कळायचं कारण आमच्या शाळेच्या कॉन्व्हेंटमधल्या दोन रिटायर्ड सिस्टर. दोघी आयरिश, दोघी साठच्या दशकात भारतात आलेल्या, नंतर इथल्याच झालेल्या. भेंडी बोटाने मोडून कोवळी आहे का बघणाऱ्या. एक केरीच्या, एक मेयोच्या. केरी म्हणजे या खेळातली मुंबईची रणजी टीम. २०२५ पर्यंत ३९ वेळा ऑल-आयर्लंड चॅम्पियन. मेयोने कप जिंकला ३ वेळा, शेवटचा १९५१ साली, मीथला हरवून. तेव्हा आमच्या सिस्टर ११ वर्षांच्या होत्या. त्यानंतर १९८९ ते २०२१ या काळात मेयो ११ वर्षी फायनलला पोचली आणि अकराही वेळा हरली. डोळ्यांनी साथ सोडल्यामुळे मेयोच्या सिस्टरांना लॅपटॉपवरचं वाचता येत नसे. मी बोर्डर होते, इंग्रजी बरं होतं, म्हणून ते काम माझ्याकडे. तिकडे रविवारी दुपारी साडेतीनला मॅच म्हणजे आपल्याकडे रात्रीचे आठ, ऐन स्टडी अवरला. रिझल्ट सोमवारी सकाळी वाचायचा. वाचून झाला की दोघींचं भांडण सुरू. आणि भांडण कोण कसं खेळलं यावर क्वचितच. मॅच कुठे ठेवली, कधी ठेवली, मध्ये किती दिवस दिले, यावरच.

तेव्हा मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना काही उद्योग नाही. इथे येऊन पहिलं सेमिस्टर दिलं तेव्हा पटलं. आपल्या युनिव्हर्सिटीचं टाइमटेबल लागलं की आपण आधी काय बघतो? पेपर नाही, गॅप! एम-थ्रीच्या आधी एक दिवस आणि शेजारच्या ब्रँचला चार दिवस, हे कळल्यावर हॉस्टेलमध्ये जो आवाज होतो तोच आवाज त्या दोघींचा असायचा.

२००० सालापर्यंत त्यांची स्पर्धा सरळ नॉकआउट होती. आधी चार प्रांतांच्या स्पर्धा, हरलात की घरी. वर्षभर प्रॅक्टिस आणि मे महिन्यात एका दुपारी सगळं खलास. २००१ साली त्यांनी एटीकेटी आणली. नाव 'बॅकडोअर', मागचं दार. प्रांतात हरलेल्यांना आणखी एक संधी. पहिल्याच वर्षी गॉलवे रॉसकॉमनकडून हरली, मागच्या दाराने आत आली आणि ऑल-आयर्लंड जिंकून गेली. म्हणजे केटी लागलेला पोरगा युनिव्हर्सिटीत पहिला!

पण यात एक मेख होती. प्रांताचा जो चॅम्पियन, त्याला दुसरी संधी आधीच वापरायची गरज पडलेली नसते, आणि तो क्वार्टर फायनलला हरला की बाहेर. २०१० साली केरी, मीथ, टिरोन आणि रॉसकॉमन हे चारही प्रांतविजेते क्वार्टर फायनलला हरले. समोरचे चारही मागच्या दाराने आलेले. केरीच्या सिस्टर हे आठवलं की अजून फणफणतात. ऑल क्लिअरवाल्याला एका पेपरात नापास करून घरी पाठवायचं आणि केटीवाल्याला वर्ग चढवायचा? मेयोच्या सिस्टरांचं उत्तर ठरलेलं. मन्स्टर प्रांतात काउंटी ६, अल्स्टरमध्ये ९. केरी दोन-तीन मॅच खेळून प्रांताचा कप उचलते, तिकडे डॉनीगॉल-टिरोन एकमेकांचे हातपाय मोडत बसतात. तुमचं ऑल क्लिअर म्हणजे सोप्या कॉलेजचं ऑल क्लिअर! यावर केरीच्या सिस्टर दहा मिनिटं बोलायच्या नाहीत.

मेयोच्या सिस्टरांची मोठी जखम २०१४ ची. २४ ऑगस्टला केरी-मेयो सेमीफायनल क्रोक पार्कवर १-१६, १-१६ अशी बरोबरीत सुटली. रिप्ले सहा दिवसांनी, शनिवारी ३० ऑगस्टला. पण त्या दिवशी क्रोक पार्क रिकामं नव्हतं. तिथे अमेरिकन कॉलेजांची मॅच आधीच ठरलेली होती, पेन स्टेट विरुद्ध सेंट्रल फ्लोरिडा. अमेरिकन फुटबॉल! दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याच क्रोक पार्कवर डब्लिन-डॉनीगॉल सेमीफायनल. मग केरी-मेयो पाठवली लिमरिकला. लिमरिक मन्स्टरमध्ये, म्हणजे केरीच्या प्रांतात. एक्स्ट्रा टाइममध्ये केरी ३-१६, मेयो ३-१३. मी तेव्हा तिसरीत होते, पण हा किस्सा नंतर इतक्या वेळा ऐकलाय की तो दिवस मीच बघितल्यासारखा वाटतो. केरीच्या सिस्टरांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. त्या म्हणायच्या, नकाशा काढा, मेयोहूनसुद्धा लिमरिक डब्लिनपेक्षा जवळच आहे, उलट तुमचं पेट्रोल वाचलं! खरं आहे ते, मी मोजून बघितलं. पण माझं मत मेयोच्या बाजूने. अंतराचा प्रश्नच नव्हता. स्वतःच्या घरातल्या सेमीफायनलला पाहुण्यांसाठी बाहेर काढलं, हे लागतं. आमच्या इंटर-ब्रँच थ्रोबॉलची मॅच ग्राउंडवर मांडव पडला म्हणून पार्किंगमध्ये खेळवली होती, तेव्हा मला सिस्टरांची फार आठवण आली.

आता २०१८. हे मात्र मी स्वतः वाचून दाखवलेलं, मी सातवीत होते. मेयो मागच्या दाराने चालली होती आणि तिसऱ्या फेरीत ड्रॉ निघाला किलडेअर विरुद्ध मेयो. किलडेअरचं नाव आधी निघालं. नियम असा की आधी निघालेल्याच्या घरी मॅच. किलडेअरचं मैदान न्यूब्रिज गावात, क्षमता सुमारे ८ हजार. मेयोचे पाठीराखेच त्याहून जास्त येणार. म्हणून जीएएच्या कमिटीने मॅच क्रोक पार्कवर लावली. कारण सांगितलं गर्दीचं आणि सुरक्षेचं. किलडेअरचे मॅनेजर किअन ओ'नील टीव्हीवर जाऊन म्हणाले, आम्ही शनिवारी संध्याकाळी सात वाजता न्यूब्रिजला असू. कुणी येवो न येवो. 'न्यूब्रिज, नाहीतर कुठेच नाही' ही घोषणाच झाली. कमिटीने आधी सांगितलं की मग मॅच मेयोला बहाल करू.

म्हणजे बघा, मेयोला न खेळता पुढे जायचा रस्ता मोकळा होता. मी आनंदाने वाचत होते. केरीच्या सिस्टर कमिटीच्या बाजूने. त्या म्हणाल्या, हजारो माणसं तिकिटाशिवाय बाहेर राहणार, चेंगराचेंगरी झाली तर कोण जबाबदार? आणि मोठ्या मैदानाचा पैसा शेवटी गावोगावच्या क्लबांनाच जातो. मेयोच्या सिस्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या (त्यांच्या इंग्रजीचं मी मराठी करतेय), "चिठ्ठी कुणाची आधी निघाली? त्यांची ना? मग मैदान त्यांचं. लहान मैदानवाल्याला घर नसतं असं नियमात लिहिलंय का?" मी म्हटलं, सिस्टर, पण मेयो! त्या म्हणाल्या, "मेयोने न्यूब्रिजला जाऊन जिंकावं."

शेवटी कमिटीने माघार घेतली. ३० जूनला मॅच न्यूब्रिजलाच झाली. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, सगळं बोर्डिंग झोपलेलं. रविवारी सकाळी मी वाचलं. किलडेअर ०-२१, मेयो ०-१९. जूनमध्येच मेयोचं वर्ष संपलं. सिस्टर म्हणाल्या, "परत वाच." परत वाचलं. "ठीक," म्हणाल्या आणि चहा मागितला. त्या संध्याकाळी कॅरमला मात्र आल्या नाहीत.

त्याच उन्हाळ्यात डब्लिनचा वाद झाला. क्वार्टर फायनलचे गट केले होते. प्रत्येक टीमने एक मॅच घरी, एक बाहेर आणि एक तटस्थ मैदानावर खेळायची. तटस्थ मैदान कोणतं? क्रोक पार्क. डब्लिनचं घरचं मैदान कोणतं? तेही क्रोक पार्क! डॉनीगॉलवाल्यांनी याच्यावर आक्षेप घेतला आणि निदान या मुद्द्यावर आमच्या दोन्ही सिस्टर एकाच पार्टीत गेल्या. डब्लिनने २०१५ ते २०२० असे सलग सहा कप नेले. ते चांगले खेळले हे मान्य. पण ज्याच्या अंगणात सगळ्यांनी यायचं त्याने थोडं कमी हसावं.

२०२१ साली मी घरी, सोलापूरला. कोविडमुळे बोर्डिंग बंद. भांडण फोनवर. मेयोने १४ ऑगस्टला एक्स्ट्रा टाइममध्ये डब्लिनला हरवलं. सिस्टरांचा आवाज फोनच्या बाहेर येत होता. दुसरी सेमीफायनल केरी-टिरोन, पण टिरोनच्या कॅम्पमध्ये कोविड शिरला. मॅच १५ वरून २१ ला ढकलली. टिरोन म्हणाली, २१ लाही आम्ही उतरू शकत नाही. मग केरीच्या संमतीने २८ ला. फायनलही दोन आठवडे पुढे. टिरोन आली, एका पॉइंटने केरीला हरवून गेली. केरीच्या सिस्टरांचा संताप विचारू नका. आणि त्यांच्याकडे या वेळी खरोखर जोरदार मुद्दा होता. आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २०२० मध्ये, स्लायगोच्या टीममध्ये कोविड निघाला होता. त्यांच्यासाठी कुणी कॅलेंडर हलवलं नाही. स्लायगोने मॅच सोडून दिली, गॉलवे पुढे गेली. लहान काउंटीला एक न्याय आणि मोठीला दुसरा?

मेयोच्या सिस्टर म्हणाल्या, "स्लायगोवर अन्याय झाला. म्हणून टिरोनच्या आजारी पोरांवर पण करायचा का?" याला उत्तर मला तेव्हाही सुचलं नाही, आजही सुचत नाही. दोघींचंही खरं वाटतं. ११ सप्टेंबरला फायनल झाली. टिरोन २-१४, मेयो ०-१५. चार आठवडे वाट बघून मेयो पाच पॉइंटनी हरली, त्याच टिरोनकडून. मी भीतभीत फोन केला. सिस्टरांनी माझ्या ऑनलाइन क्लासची चौकशी केली.

२०२२ पासून त्यांनी सगळं कॅलेंडरच बदललं. काउंटीची फायनल आता जुलैत, उरलेलं वर्ष गावच्या क्लबांना. कारण चांगलंच होतं. काउंटीची स्पर्धा लांबली की क्लबच्या पोरांना आपली मॅच कधी आहे हेच कळायचं नाही, ना लग्नाची तारीख काढता यायची ना सुट्टीची. पण कॅलेंडर आवळलं की रिप्लेला जागा उरत नाही, मग पेनल्टी. आर्माची टीम २०२२ ते २०२४ मध्ये चार मोठ्या मॅच पेनल्टीवर हरली. चार! आणि २८ जुलै २०२४ ला गॉलवेला एका पॉइंटने हरवून चॅम्पियन झाली. २०२३ पासून गटांची पद्धत आली, तर १६ पैकी ४ टीम बाहेर काढायला २४ मॅच लागायच्या. एवढ्या टर्मवर्कनंतर चारच नापास! शेवटी २०२५ नंतर गट काढून टाकायचं ठरलं. आता पुन्हा नवा आराखडा, पुन्हा नवं भांडण.

मेयोच्या सिस्टर आता ८५ च्या पुढे आहेत. ड्रॉ निघाला की मीच हॉस्टेलच्या गच्चीवरून फोन लावते, तिथेच रेंज मिळते. त्या आधी मेयोसमोर कोण आलंय ते विचारत नाहीत.

"घरी की बाहेर?"

आणि मागून केरीच्या सिस्टरांचा आवाज येतो, "आणि आम्हाला किती दिवस दिलेत ते पण बघ गं!"