रविवारचं शटर

तीन वेळा दिवस गेले आणि तीनही वेळा तिसरा महिना उलटायच्या आत गर्भ पडला. सासरी लातूरला ‘पिशवीच कमजोर’ म्हणून विषय मिटायचा. तेव्हा जिथं दाखवत होतो, तिथंही कारण न शोधताच इंजेक्शनं चालायची. २०२२च्या पावसाळ्यात चौथ्यांदा दिवस गेल्याचं कळलं, तशी मी माहेरी नांदेडला निघाले. चाकूर, अहमदपूर, लोहा. एसटीच्या प्रत्येक आदळ्याला हात पोटावर.

तिथल्या डॉक्टरांनी शुक्रवारी बीटा एचसीजी ही रक्तचाचणी करायला सांगितली आणि ४८ तासांनी पुन्हा एकदा. आकडा आला ४१२. बाकड्यावर शेजारी बसलेल्या बाईचा हजारावर होता. मला रडूच फुटलं.

रक्त काढणाऱ्या सिस्टर येऊन टेकल्या. “कशाला रडलालीस माय? एका आकड्यावरून काय कळतंय? दुसरा येऊ दे.” रिपोर्टच्या पाकिटावर त्यांनी पेनानं दोन रेघा ओढल्या, एक भराभर चढणारी, दुसरी रेंगाळणारी. गर्भ नीट वाढत असला की सुरुवातीला हा आकडा दोन-तीन दिवसांत बहुधा दुप्पट होतो, म्हणून बघायची ती चढण. “आणि नाही चढला, तरी तू काही केलंस म्हणून नाही.” तीन गर्भपातांत हे वाक्य मला कुणीच ऐकवलं नव्हतं.

४८ तास भरत होते रविवारी आणि लॅबला सुट्टी. सिस्टर घरून आल्या, शटर अर्धंच वर केलं, आम्ही वाकून आत गेलो. टोचून टोचून माझ्या शिरा बसल्या होत्या. त्या अंगठ्यानं चाचपत राहिल्या, घाई केली नाही. एकदाच टोचलं. ९०५.

सहाव्या आठवड्यात रक्ताचा डाग दिसला. डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉन सुरू केलं, योनिमार्गे, ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सोळाव्या आठवड्यापर्यंत. पुढे मी वाचत गेले. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या ‘प्रॉमिस’ चाचणीत, २०१५ साली, निव्वळ वारंवार गर्भपात होतात म्हणून सगळ्यांना ते देऊन फारसा फरक पडला नव्हता. पण २०१९च्या ‘प्रिझम’मध्ये, तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्या आणि रक्त जात असलेल्या बायकांत, ते घेणाऱ्या ७२ टक्के जणींना मूल झालं, नुसतं दिसायला तसंच औषध मिळालेल्या ५७ टक्के जणींना. मी या दुसऱ्या चाचणीतल्या बायकांसारखी होते.

लेक तीन महिन्यांची झाल्यावर तिला आणि सिस्टरसाठी साडी घेऊन लॅबमध्ये गेले. सिस्टरनी साडीची पिशवी बाजूला ठेवली, लेकीचे मोजे काढले, तळपाय गालाला लावले. “ही माझ्या रविवारची गं!” बाहेर बाकड्यावर एक पोरगी रिपोर्ट हातात धरून बसली होती. सिस्टरनी लेक माझ्याकडे दिली आणि त्या पोरीशेजारी जाऊन टेकल्या.